एक वस्तु, एक नांव : सामाईक यादीचा इतिहास

१९०४ सालच्या फेब्रुवारी महिन्याची ७ वी तारीख. रविवारची सकाळ होती. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहराच्या व्यापारी पेठेंत एका इमारतीस आग लागली आणि वाऱ्याच्या साह्यानें ती पाहतां पाहतां एकामागून एक रस्ते गिळीत चालली. शहराचे स्वतःचे बंब अपुरे पडले, तेव्हां मदतीसाठीं तारा गेल्या, आणि वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यू यॉर्क अशा शहरांहून बंब व माणसें धांवून आलीं. माणसें धाडसी होतीं, सामुग्री चांगली होती, रस्त्यांतून पाण्याचे नळही होते. उणें होतें तें एवढेंच कीं, पुष्कळशा पाहुण्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या नळांवर बसेनात! हातांत नळी आहे, समोर नळ आहे, आणि दोहोंची गांठ पडत नाहीं, अशा स्थितींत ही धाडसी माणसें उभी राहिलीं. आग सुमारें ३० तास जळत होती. ती शांत झाली तेव्हां दीड हजारांहून अधिक इमारतींची राख झाली होती.

पुढें अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक-संस्थेनें देशांतील आगबंबांच्या नळ्यांचे जोड गोळा केले, तेव्हां त्यांचे सहाशेंहून अधिक प्रकार निघाले. यांतला एकही प्रकार कोणीं द्वेषबुद्धीनें केलेला नव्हता. प्रत्येक नगरानें आपापल्या सोयीप्रमाणें आपला जोड ठरविला होता आणि त्या नगराच्या वेशीच्या आंत तो अगदीं बिनचूक होता. चूक दोन नगरांच्या मधल्या जागेंत होती, आणि त्या जागेचा मालक कोणीच नव्हता.

श्रोतेहो, आज ज्या विषयावर मी बोलणार आहें तो विषय या मधल्या जागेचाच आहे. एका मोठ्या संस्थेच्या अनेक शाखा असतात. प्रत्येक शाखेचें आपलें कोठार, आपलीं यंत्रें, आपले कारागीर, आपले हिशेब. यांतील कोणती माहिती सर्वांची मिळून एक असावी आणि कोणती ज्याची त्याच्यापाशीं राहावी? आज हा प्रश्न संगणकांतील देखभालीच्या व्यवस्थांपुढें उभा आहे. पण प्रश्न मात्र संगणकाहून पुष्कळ जुना आहे.

आपल्या घरांतलेंच उदाहरण घ्या. पुण्याच्या घरांत नागपुराकडची सून आली आणि ती म्हणाली, "थोडा सांबार आणा," तर पुणेकर दीर दक्षिणेकडच्या आमटीच्या शोधांत खाणावळीची वाट धरील. वास्तविक तिला हवी असते कोथिंबीर. ती "आलू" म्हणेल तेव्हां सासूबाईंच्या डोळ्यांपुढें परसांतला अळू येईल. हवा असतो बटाटा. पहिल्या प्रसंगीं एका नांवाच्या दोन वस्तू झाल्या, दुसऱ्या प्रसंगीं एका वस्तूचीं दोन नांवें झालीं. घरांत याचा परिणाम फार तर चार घटका हंशा पिकण्यांत होतो. कारखान्यांत मात्र असें होत नाहीं. तेथें यंत्र बंद पडलेलें असतें, हवा असलेला सुटा भाग शेजारच्या शाखेच्या कोठारांत पडून असतो, आणि नांव निराळें असल्यामुळें तो कोणास सांपडत नाहीं.

या रोगावर पहिला मोठा उपचार करणारा पुरुष म्हणजे इंग्लंडचा जोसेफ व्हिटवर्थ. याचा जन्म १८०३ चा. लंडनच्या मॉड्स्ले यांच्या प्रसिद्ध कारखान्यांत शिकून तयार झाल्यावर त्यानें १८३३ सालीं मँचेस्टरांत आपला कारखाना काढला. त्या काळीं प्रत्येक कारखाना आपापले स्क्रू आपापल्या आट्यांचे करी. एका कारखान्याची चाकी दुसऱ्याच्या बोल्टावर चढत नसे. यंत्र मोडलें कीं तें ज्यानें घडविलें त्याच्याच दारीं जावें लागे. व्हिटवर्थनें इंग्लंडांतील अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचीं मापें घेतलीं, आणि त्यांतून मध्यम प्रमाण काढून १८४१ सालीं स्थापत्य-विशारदांच्या संस्थेपुढें आपली एकसूत्री पद्धति मांडली. आट्याचा कोन ५५ अंशांचा, आणि प्रत्येक जाडीस आट्यांची ठरलेली संख्या. यांतील मर्म असें कीं, "माझेंच माप सर्वांनीं घ्यावें" असा आग्रह त्यानें धरला नाहीं. जें प्रचारांत होतें त्याचीच सरासरी काढल्यामुळें कोणासच आपलें सर्वस्व सोडावें लागलें नाहीं. थोडें थोडें मात्र सर्वांसच सोडावें लागलें.

या एकसूत्रीपणाचें बळ क्रिमियाच्या युद्धांत दिसून आलें. लहान लढाऊ नौकांसाठीं सुमारें ९० एंजिनें तांतडीनें हवीं होतीं. एका कारखान्याच्या आवांक्याबाहेरचें तें काम होतें. तेव्हां जॉन पेन या यंत्रनिर्मात्यानें तयार एंजिनांचे भाग सुटे करून ते नमुन्यादाखल निरनिराळ्या कारखान्यांकडे पाठविले. कोणी एक भाग केला, कोणी दुसरा. आणि मापें एक असल्यामुळें ते सर्व एकत्र येऊन नीट जुळले.

पण येथेंच या कथेची दुसरी बाजू सुरू होते. १८६४ सालीं फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सनें ६० अंशांचा निराळा आटा सुचविला. तो करावयास सोपा होता, म्हणून अमेरिकेनें तो उचलला. दोन्ही पद्धति आपापल्या परीनें उत्तम. परंतु उत्तम पद्धति दोन झाल्या कीं त्यांच्यामध्यें पुन्हां तीच निर्नायकी जागा उत्पन्न होते. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश व अमेरिकन सैन्यें खांद्यास खांदा लावून लढलीं, पण त्यांचे स्क्रू एकमेकांशीं जुळेनात. अखेर १९४८ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनीं वॉशिंग्टन येथें एका आट्यावर सह्या केल्या. व्हिटवर्थच्या निबंधास तोंवर एकशेंसात वर्षें झालीं होतीं!

वस्तूंचें माप एक झालें तरी कारभार एक होतोच असें नाहीं. त्यासाठीं माहितीही एक व्हावी लागते, आणि हा धडा जगास रेल्वेनें शिकविला. इंग्लंडांत आरंभीं प्रत्येक रेल्वे-कंपनी स्वतंत्र होती. एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळांवरून तिसरीच्या मुलखांत जाई. मग भाडें कोणी किती घ्यावें? या तंट्याच्या निवाड्यासाठीं १८४२ च्या जानेवारींत नऊ कंपन्यांनीं मिळून लंडनांत 'रेल्वे क्लिअरिंग हाऊस' नांवाची संस्था काढली. तिचे कारकून जंक्शनांवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या डब्यांचे क्रमांक टिपीत. स्टेशनांचीं नांवें, त्यांमधील अंतरें, मालाचे वर्ग हें सर्व या एका संस्थेच्या पुस्तकांत असे, आणि कंपन्या त्या पुस्तकास प्रमाण मानीत. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. संस्थेनें कोणत्याही कंपनीची तिजोरी आपल्या ताब्यांत घेतली नाहीं, एंजिनें घेतलीं नाहींत, नोकर घेतले नाहींत. तिनें फक्त सर्वांस लागणारी यादी आपल्यापाशीं ठेविली.

वेळेचेंही तसेंच. ब्रिस्टॉलचें घड्याळ लंडनच्या मागें सुमारें दहा मिनिटें चाले. १८४७ सालीं या संस्थेनें सर्व कंपन्यांस ग्रिनिचची वेळ पाळण्याची शिफारस केली आणि कंपन्यांनीं ती हळूहळू मान्य केली. कायद्यानें मात्र ती ब्रिटनभर व्हावयास १८८० साल उजाडलें. आपल्या मुंबईंत तर हा वाद याहूनही रंगला. १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाण-वेळ सुरू झाली आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षां सुमारें ३९ मिनिटें पुढें होती. आगगाडी नव्या वेळेनें सुटे; पण पुष्कळ मुंबईकरांनीं आपली "मुंबई टाइम" पुढें जवळजवळ अर्धशतक सोडली नाहीं. त्या हट्टास आपण आज हंसतों. परंतु त्यांत एक खरी तक्रार होती: "आमच्या डोक्यावर सूर्य केव्हां येतो, हें आम्हांस न विचारतां कां ठरविलें?" सामाईक व्यवस्था करणाऱ्यानें ही तक्रार कधींही विसरूं नये.

नांवाच्या प्रश्नाचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेच्या सैन्यांत झाला. तेथें भूदल, नौदल व विमानदल यांचीं कोठारें निरनिराळीं होतीं आणि एकच वस्तु निरनिराळ्या नांवाक्रमांकांनीं साठविली जात होती. एका ठिकाणीं ढीग पडलेला असे, दुसरीकडे तीच वस्तु नव्यानें विकत घेतली जाई. १९५२ सालीं अमेरिकन काँग्रेसनें कायदा करून सर्व दलांसाठीं एकच सूची करण्याचें ठरविलें. नाटो संघटनेंतील राष्ट्रांनींही पुढें हीच रीत स्वीकारली. १९७४ पासून हा क्रमांक तेरा अंकांचा आहे. पहिले चार अंक वस्तूच्या वर्गाचे, पुढचे दोन ती वस्तु सूचींत घालणाऱ्या राष्ट्राचे, आणि शेवटचे सात नुसत्या अनुक्रमाचे. उदाहरणार्थ, ५३०५ या अंकांनीं आरंभ झाला तर स्क्रू, ५३०६ असेल तर बोल्ट, आणि ३११० असेल तर बेअरिंग.

या रचनेंत दोन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. पहिली अशी कीं, वस्तूच्या नांवांत आधीं जात सांगावयाची आणि मग विशेष: "बेअरिंग, गोळ्यांचें" असें, "गोळ्यांचें बेअरिंग" असें नव्हे. त्यामुळें सर्व बेअरिंगें यादींत एके ठिकाणीं येतात आणि शोधणाऱ्याची नजर भटकत नाहीं. दुसरी अशी कीं, शेवटच्या सात अंकांस कांहींच अर्थ नाहीं. अर्थ भरलेला क्रमांक आरंभीं मोठा सोयीचा वाटतो. परंतु त्यांत कोठाराचें नांव, कपाटाचा नंबर, व्यापाऱ्याचीं आद्याक्षरें कोंबलीं, आणि उद्यां कोठार हललें किंवा व्यापारी बदलला, कीं क्रमांकच खोटें बोलूं लागतो.

आतां आपल्या काळाकडे वळूं. मोठमोठे कारखाने, वीजकेंद्रें, रेल्वे, विमानतळ यांच्या यंत्रांची देखभाल आज संगणकावर नोंदली जाते. कोणतें यंत्र कोठें आहे, त्यास तेल केव्हां घातलें, कोणता भाग बदलला, कोठारांत काय शिल्लक आहे, हें सारें त्यांत असतें. अशा व्यवस्थांपैकीं एक सुप्रसिद्ध व्यवस्था म्हणजे 'मॅक्सिमो'. अमेरिकेंत १९६८ सालीं स्थापन झालेल्या एका कंपनीनें ती १९८५ सालीं बाहेर आणली आणि २००६ सालीं आयबीएम कंपनीनें ती विकत घेतली. तिची घडण पाहिली म्हणजे वर सांगितलेला सारा इतिहास तींत जणू थरांथरांनीं उतरलेला दिसतो.

या व्यवस्थेंत खालच्या पायरीवर 'साइट' असते. म्हणजे एकादा प्रत्यक्ष कारखाना किंवा ठिकाण. यंत्रें, त्यांच्या जागा, कामाचे हुकूम, कोठारें हीं सर्व साइटीचीं. त्यावर 'ऑर्गनायझेशन', म्हणजे हिशेबाच्या दृष्टीनें स्वतंत्र असलेली शाखा. तिचें मूळ चलन तिचें स्वतःचें आणि तिच्या खात्यांची मांडणीही तिचीच. आणि या शाखांच्याही वर दोन संच असतात: एक वस्तूंचा संच, दुसरा व्यापाऱ्यांचा. प्रत्येक शाखेस वस्तूंचा एक व व्यापाऱ्यांचा एक असे संच जोडून द्यावे लागतात. पण एकच संच अनेक शाखांस जोडतां येतो. सारी खुबी या शेवटच्या वाक्यांत आहे.

समजा, एका संस्थेची एक शाखा भारतांत आहे व दुसरी इंग्लंडांत. एकीचा हिशेब रुपयांत, दुसरीचा पौंडांत. दोघींच्या पंपांत एकाच मापाचें बेअरिंग बसतें. दोघींस एकच वस्तु-संच जोडलेला असेल, तर त्या बेअरिंगाचा क्रमांक एक, वर्णन एक. किती नग शिल्लक आहेत, कोणत्या कपाटांत आहेत, काय भावानें घेतले, हें मात्र ज्याचें त्याच्या कोठाराच्या नोंदींत राहतें. येथें व्यवस्थेनें एक मोठा भेद सांभाळला आहे: वस्तूची व्याख्या सामाईक, वस्तूचा साठा खाजगी. क्लिअरिंग हाऊसनें पुस्तक आपल्यापाशीं ठेविलें आणि तिजोऱ्या कंपन्यांकडे राहूं दिल्या, त्याचाच हा नवा अवतार होय. संच एक असला तरच एका शाखेच्या कोठारांतून दुसरीच्या कोठारांत वस्तु सरळ पाठवितां येते. संच दोन असतील तर व्यवस्थेच्या दृष्टीनें त्या दोन परक्या वस्तू. मग त्या एकाच भट्टींतून निघालेल्या असोत.

व्यापाऱ्यांच्या संचाचेंही तेंच. एकच व्यापारी एका शाखेच्या वहींत आपल्या नांवानें आणि दुसरीच्या वहींत दुकानाच्या नांवानें असेल, तर सर्व शाखा मिळून त्याच्याकडून किती माल घेतात हें कोणास कळणार नाहीं, आणि भाव पाडून मागण्याचें बळ हातचें जाईल.

मग सर्वांसाठीं एकच संच करावा, हें उत्तर सरळ नाहीं काय? पुष्कळदां तेंच उत्तर खरें असतें. परंतु एकाच मालकाचें रुग्णालय आणि वीजकेंद्र असेल, तर औषधांच्या बाटल्या व टर्बाइनांचे भाग एका यादींत घालून कोणाचाच लाभ होत नाहीं; यादी मात्र दुप्पट होते. शिवाय सामाईक यादी म्हटली कीं सामाईक शिस्त आली. नवी वस्तु कोणीं घालावी, नांव कोणत्या रीतीनें लिहावें, माप खोक्यांत कीं नगांत, हें ठरविणारा कोणीतरी असला पाहिजे. माल खोक्यानें विकत घेऊन नगानें वांटावयाचा असेल, तर एका खोक्यांत नग किती हें सर्वांनीं एकदां मान्य करावें लागतें. असा कारभारी नेमला नाहीं तर एका संचांतच तेंच बेअरिंग पांच नांवांनीं नांदूं लागतें. मग पांच भाऊ विभक्तही नाहींत आणि एकत्रही नाहींत, अशी त्या घराची दशा होते.

आणि हा निर्णय आरंभींच घ्यावा लागतो, हें सर्वांत महत्त्वाचें. शाखेस संच एकदां जोडला आणि तिचा कारभार सुरू झाला, कीं तो सहज बदलतां येत नाहीं. तें योग्यच आहे. कारण हजारों नोंदी त्या क्रमांकांवर उभ्या राहिलेल्या असतात. बाल्टिमोरच्या आगीनंतर १९०५ सालीं नळीच्या जोडाचें राष्ट्रीय माप ठरलें: व्यास अडीच इंच आणि दर इंचास साडेसात आटे. परंतु रस्त्यांत पुरलेले नळ उपटून नवे बसविणें खर्चाचें, म्हणून अनेक शहरांनीं आपले जुनेच ठेविले. १९९१ च्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांतील ऑकलंडच्या टेंकड्यांवर वणवा पेटला. तेथील नळांचे जोड तीन इंचांचे होते. मदतीस आलेल्या बंबांच्या नळ्या अडीच इंचांच्या होत्या. त्या वणव्यांत २५ माणसें मेलीं. या दुर्दैवास इतरही कारणें होतीं; पण सत्याऐंशीं वर्षांपूर्वीं शिकविलेला धडा तेथें पुन्हां गिरवावा लागला, हें खरें.

आपल्या भारतीय रेल्वेचाही अनुभव बोधप्रद आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या व संस्थानांच्या रेल्वे एकत्र करून १९५१ पासून विभाग बनविले गेले, बोरीबंदरची जी. आय. पी. रेल्वे मध्य रेल्वेंत आली. तिच्या भांडारांत वस्तूस आठ अंकी क्रमांक असतो आणि लिहिणाऱ्याची चूक पकडण्यासाठीं त्यांतला शेवटचा अंक पडताळणीचा ठेविलेला असतो. एवढी सोय असूनही निरनिराळ्या विभागांत एकाच वस्तूचे निराळे क्रमांक चालत आले, आणि ते एक करण्याचा उद्योग पुढें हातीं घ्यावा लागला. एकत्र येणें एका दिवसांत होतें. एक भाषा बोलूं लागणें पिढ्यांचें काम आहे.

या साऱ्या इतिहासांतून मला दिसणारें तात्पर्य असें: जें सांगितल्यावांचून एकाचें दुसऱ्यास कळणार नाहीं तें सामाईक करावें; म्हणजे वस्तूचें नांव, माप, क्रमांक, व्यापाऱ्याची ओळख. जें ज्याच्या हाताखालीं घडतें तें त्याच्याकडे राहूं द्यावें. म्हणजे साठा, यंत्र, कामाची पाळी, खर्चाचा जाब. आणि सामाईक यादी करणाऱ्यानें व्हिटवर्थप्रमाणें आधीं सर्वांचे बोल्ट गोळा करावे, मग माप ठरवावें. जुन्या कोठारवाल्याच्या तोंडचें नांव प्रमाण म्हणून टिकलें नाहीं तरी शोधण्याच्या सोयीसाठीं तें यादींत नोंदून ठेवावें. तें नांव त्याच्या आयुष्याची कमाई असते. तें खोडून टाकलें तर तो उद्यां नव्या यादीकडे ढुंकूनही पाहणार नाहीं.

शेवटीं एक चित्र डोळ्यांपुढें आणा. मध्यरात्र झाली आहे. पाणीपुरवठ्याचा पंप बंद पडला आहे. कारागीर कोठाराच्या खिडकीशीं उभा आहे आणि आंतला माणूस यादींत शोधतो आहे. हवें असलेलें बेअरिंग तीन कोसांवरच्या दुसऱ्या कोठारांत आहे. तें नावानें सांपडलें, तर सकाळीं गांवच्या नळांस पाणी येईल. न सांपडलें, तर वस्तु जवळ असून गांव तहानलेलें राहील. बाल्टिमोरच्या रस्त्यावर नळी हातांत धरून उभा राहिलेला तो बंबवाला आणि हा कारागीर, यांच्यांत शंभरांहून अधिक वर्षांचें अंतर आहे. दोघांची अडचण मात्र एकच आहे.